एक कोटी कोटी नोकर

यीस्टला वार कळत नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते आहे. चार वर्षं ग्लासगोला रसायनशास्त्र शिकले आणि त्यातलं शेवटचं अख्खं वर्ष नुसतं आंबवण्यावर घालवलं. यीस्टला साखर कळते, ऊब कळते. शनिवार आणि रविवार यांतला फरक मात्र कळत नाही. फिस्कासे बेटावर हा फरक न कळणारा तो एकमेव जीव आहे.

बाकी सगळ्यांना कळतो. डोलिना आत्या शनिवारी संध्याकाळी कोंबड्याला माद्यांपासून वेगळ्या खुराड्यात ठेवते आणि सोमवारी सकाळी सोडते. का, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. रविवारचे बटाटे शनिवारी सोलायचे, रविवारचं पाणी शनिवारी भरायचं, रविवारचं जळण शनिवारी आत आणायचं. रविवार देवाचा, त्या दिवशी फक्त दोन प्रकारची कामं चालतात: गरजेची आणि दयेची. गाय अडली तर गरज. मेंढी चरात पडली तर दया. बाकी सगळं सोमवारी.

हे सगळं मला जन्मापासून ठाऊक होतं. तरीही जे झालं ते झालं, आणि ते एका नकाशापायी झालं.

आमच्या बेटांचं पर्यटन कार्यालय दर तीन वर्षांनी एक घडीचा नकाशा छापतं: ‘येत्या हंगामातली नवी आकर्षणे आणि नव्या डिस्टिलरी’. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात तो असतो. नकाशावर आहे ते बेटावर आहे. नकाशावर नाही ते बेटावर असलं तरी नाही. माझी डिस्टिलरी म्हणजे जुन्या शाळेतलं हजार लिटरचं एक लाकडी पिंप आणि तांब्याचा एक हंडा. हा हंडा मर्डोने जोडून दिला. मर्डो आमचा शेजारी, जहाजावरचा निवृत्त इंजिनियर. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे झडप किंवा पट्टी असते. जे निघेल ते ओकच्या पिंपांत तीन वर्षं झोपणार, आणि तोवर कायद्याने त्याला व्हिस्की म्हणायची सोय नाही. म्हणजे तीन वर्षं माझ्याकडे दाखवण्यासारखं काय, तर फेस. आत्या डिस्टिलरी म्हणत नाही. ती ‘भट्टी’ म्हणते. तिच्या आजोबांची होती डोंगरात, आणि तिचा मोठा गुण असा, की ती कुठल्याच नकाशावर नव्हती.

शाळा गायरानात येते, म्हणून ती गायरान समितीची. समितीने मला ती एका वर्षासाठी दिली होती, दोन अटींवर: वर्षाच्या आत नकाशावर नाव यावं, आणि रविवारी त्या इमारतीत काहीही काम चालू नये. नाव आलं नाही, तर इमारत मुख्य भूमीवरच्या एका गृहस्थांना मिळणार होती. त्यांना तिथे प्लास्टिकच्या होड्या ठेवायच्या होत्या. माझ्या टेबलाच्या खणात एका प्रयोगशाळेचं पत्र होतं, पाणी तपासण्याच्या नोकरीचं. हो की नाही ते तीस तारखेपर्यंत कळवायचं होतं. नोकरी वाईट नव्हती. दिवसभर पाण्यात काहीही नाही हे सिद्ध करत बसायचं. पण ती इथून दोन बोटी आणि एक आगगाडी इतकी लांब होती, आणि ते पत्र मी इतक्या वेळा उघडून बंद केलं होतं, की घडीवर ते फाटायला आलं होतं.

नकाशाचा अर्ज चार पानी होता. पाहणी अधिकारी येणार, चार गाड्यांचा वाहनतळ हवा, स्वच्छतागृह हवं, आणि ‘पाहणीच्या वेळी स्थळ चालू स्थितीत असावे’. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम.

वाहनतळाचीच गोष्ट घ्या. चार गाड्या म्हणजे शाळेच्या फाटकाजवळची गवताची एक पट्टी, जिथे एरवी मेंढ्या बसतात. पण पट्टी गायरानाची. मी फार्करकाकांकडे गेले. फार्करकाका गायरान समितीचे चिटणीस आणि चर्चमधले वडीलधारे. जमिनीचं आणि आत्म्याचं, दोन्ही दप्तरं एकाच घरात.

“नऊ हिस्सेदार आहेत,” ते म्हणाले. “नऊ सह्या लागतील.”

“काका, नववा हिस्सेदार इवेन. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.”

“इवेन गेला. त्याचा हिस्सा कुठे गेलाय?”

“मग त्याची सही मी कुठून आणू?”

फार्करकाकांनी हिस्सेदारांची वही उघडली. मग म्हणाले, “इवेन आयुष्यात कधी कुठल्या सभेला आला नाही. आला नाही म्हणजे हरकत नाही, असंच आपण त्याचं लिहायचो. पुढेही तसंच लिहू.” आणि त्यांनी त्याच्या नावासमोर व्यवस्थित अक्षरात लिहिलं: गैरहजर, हरकत नाही.

एवढं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. “हेक्टोरिना,” ते म्हणाले. आमच्याकडे आजोबांचं नाव चालवायला नातू नसला, की त्याच नावाला शेपूट लावून ते नातीला देतात. माझे आजोबा हेक्टर. एरवी मला सगळे इना म्हणतात. पूर्ण नाव म्हणजे गंभीर प्रकरण. “दुसरी अट लक्षात आहे ना?”

“सोमवारी आंबवायला घालते, गुरुवारी ते थांबतं, शुक्रवारी उकळते. रविवारी पिंपात चिटपाखरू नसतं, काका.”

“नसावं,” ते म्हणाले.

मग स्वच्छतागृह. शाळेत होतंच, मी स्वतः ते सात वर्षं वापरलं आहे. पण ते पाच ते अकरा वयाच्या मुलांसाठी बांधलेलं, गुडघ्याएवढं. कार्यालयाने कळवलं: ‘प्रौढांना वापरण्याजोगे असावे.’ मर्डो टेप घेऊन आला, खाली वाकून मोजलं, आणि म्हणाला, “उचलून घेऊ की, त्यात काय.” त्याने खाली ओकचा चौथरा केला. मी त्याला वाढवायची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून दिली होती. मर्डो आयुष्यभर इंचांत जगला आहे. मधली काहीतरी तडजोड त्याने मनातल्या मनात केली असावी, कारण काम झालं तेव्हा वर बसायला दोन पायऱ्या चढाव्या लागत होत्या, आणि बसल्यावर खिडकीतून थेट समुद्र दिसत होता.

“मर्डो, हे सिंहासन झालं.”

“प्रौढांना वापरता येतं की नाही?”

“येतं.”

“मग झालं तर. राजे लोक काय प्रौढ नसतात?”

पाहणी गुरुवारी ठरली. फेस सगळ्यात उंच असतो तो साधारण अठराव्या तासाला; म्हणून मी बुधवारी संध्याकाळी यीस्ट घातलं. गुरुवारी पिंप असं काही फसफसलं, की स्वतःचा अभिमान वाटावा. आणि गुरुवारी वारा सुटला म्हणून बोट रद्द झाली. कार्यालयातून फोन आला: अधिकारी बाई शनिवारी दुपारच्या बोटीने येतील, आणि सोमवारी सकाळी सहाच्या बोटीने परत. पुढची तारीख नाही. यादी बंद होते.

मी अस्वस्थ झाले की मोजायला लागते. शनिवारी दुपार म्हणजे नवं पिंप शुक्रवारी संध्याकाळी घालायला हवं. ते शनिवारी दुपारी फसफसेल, बाई बघतील, मग दारं-खिडक्या उघडून पिंप गार करायचं, म्हणजे यीस्ट मंदावेल. रविवारी हूं की चूं करणार नाही. गुरुवारचं पिंप शुक्रवारी दिवसभर घाईघाईने उपसलं, उकळलं, आणि संध्याकाळी नवं घातलं. कागदावर सगळं बरोबर होतं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यात चूक एकच: त्यात माणसं धरलेली नव्हती.

शनिवारी दुपारी बारा वाजता गारठा पडला होता आणि पिंपावर फेस फक्त बोटभर. मी दर पाच मिनिटांनी शिडीवर चढत होते आणि उतरत होते. शेवटी धीर सुटला आणि मी आणखी यीस्ट घातलं. माझ्या शिक्षकांनी बघितलं असतं, तर पदवी परत मागितली असती. तेवढ्यात निरोप आला, की बोट उशिरा येते आहे, साडेसहाला. मी धक्क्याकडे धावले आणि तिथे चार तास फेऱ्या मारत राहिले.

पाहणी अधिकारी क्रॉम्बी बाई उतरल्या तेव्हा बोट लागून हिरव्या पडल्या होत्या. मी त्यांची पिशवी घेतली आणि म्हणाले, “शाळा अगदी वाटेवरच आहे. दहा मिनिटांचं काम.”

“बाळे,” त्या म्हणाल्या, “मी आत्ता काहीही हलणारं बघू शकत नाही. फेस तर नाहीच. दहा मिनिटांचंच काम आहे ना? मग उद्या सकाळी करू.”

बेटावर पाहुण्यांसाठी पलंग एकच, आत्याकडे. तिने त्यांना आल्याचा चहा दिला आणि झोपवलं. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते.

“आत्या, उद्या रविवार आहे.”

“दर शनिवारी असंच होतं.”

“त्या उद्या बघणार म्हणतात.”

“बघू देत की. बघणं काही काम नाही. देवाने डोळे सोमवार ते शनिवार असे थोडेच दिलेत? हात लावायचा नाही म्हणजे झालं. आणि तू बस गं, फरशी झिजेल.”

मला तेवढाच आधार वाटला. शाळेत जाऊन मी सगळ्या खिडक्या उघडल्या, पिंप मंदावेल अशी व्यवस्था केली आणि घरी येऊन झोपले.

यानंतर जे घडलं ते मला नंतर, तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या माणसांच्या पडलेल्या चेहऱ्यांवरून कळलं. माझ्यानंतर मर्डो शाळेत गेला. त्याला वाटलं, पोरगी खिडक्या उघड्याच विसरली. त्याने त्या लावल्या. मग शिडीवर चढून पिंपात डोकावला, फेस त्याला पाहुण्यांच्या मानाने कमी वाटला, आणि त्याने बादलीभर यीस्ट घातलं. मर्डोनंतर आत्या गेली. सकाळी बाईंना तिथे गारठा लागू नये, आणि रविवारी शेगडी पेटवता येत नाही, म्हणून तिने रविवारचं काम शनिवारी उरकलं: शाळेची शेगडी पेटवली आणि ती सोमवारपर्यंत धुमसत राहावी अशी डोंगरातून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या विटांनी रचून ठेवली. माझं दुपारचं यीस्ट धरून तिघांनी, एकमेकांना न सांगता, एकाच दिशेने मदत केली.

रविवारी सकाळी आम्ही चर्चला निघालो. आमच्याकडे सगळे चालत जातात, काळ्या कपड्यांत, पुस्तकं काखेत, आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. क्रॉम्बी बाईंनी आत्याची जुनी काळी टोपी घातली होती. शाळा जवळ आली तशी मला एक आवाज ऐकू आला. कुणीतरी मोठ्या भांड्यात हळूहळू लापशी रटरटत ठेवावी तसा. पुढे चाललेले तीस लोक थांबले होते.

शाळेच्या दाराखालून फेस येत होता. पिवळसर, जाड, शांतपणे. तो पायरी उतरला होता, चार गाड्यांचा वाहनतळ त्याने व्यापला होता आणि आता रस्त्याकडेच्या चराकडे निघाला होता.

फार्करकाका सगळ्यांच्या पुढे उभे होते. “हेक्टोरिना,” ते म्हणाले.

“काका, ही रासायनिक क्रिया आहे. आपोआप होते.”

“आपोआप? सुरू कुणी केली?”

“मी. पण शुक्रवारी.”

“नोकराला शुक्रवारी कामाला लावलं आणि तो रविवारी राबत असला, तर पाप कुणाचं?”

“यीस्ट नोकर नाही, काका. ती बुरशी आहे. एकपेशीय.”

“जिवंत आहे का?”

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण माझ्या शिक्षणात तसली सोय नव्हती. “हो,” मी म्हणाले.

“किती आहेत?”

“आत्ता?” मी मनात गुणाकार केला. “एका मिलिलिटरला दहा कोटी, आणि हजार लिटर... साधारण एक कोटी कोटी.”

फार्करकाकांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. “एक कोटी कोटी नोकर आत राबतायत,” ते म्हणाले, “आणि मालकीणबाई टोपी घालून प्रार्थनेला निघाल्यात.”

मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता हे मला कळलं. मी नकाशाचा विचार करत होते, खणातल्या पत्राचा विचार करत होते, आणि माझ्या बुटांत फेस शिरत होता.

“नुसतं दार उघडून शेगडी विझवू द्या,” मी म्हणाले. “दोन मिनिटं.”

“ही गरज नाही,” फार्करकाका म्हणाले. “फेस वाहून गेला तर तुझं नुकसान होईल. नुकसान म्हणजे गरज नव्हे. माझं कापून वाळत टाकलेलं गवत दर वर्षी रविवारी भिजतं.”

“पण दार फुगलं तर?” मर्डो म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. “दार तर समितीचं आहे.”

“दारावर दया करता येत नाही, मर्डो.”

क्रॉम्बी बाई या वादाकडे अशा बघत होत्या, की जणू याच्यासाठीच त्या बोटीतून आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून वही-पेन काढलं. आत्याने शांतपणे पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. “लिहिणं हे काम आहे,” ती म्हणाली. “उद्या मिळेल.”

तेवढ्यात चरातून आवाज आला. तिथे फार्करकाकांचा मेंढा होता, तीन प्रदर्शनांत पहिला आलेला, पूर्ण बेटाचा अभिमान. फेस चरात पोचला होता आणि मेंढ्याला तो आवडला होता. अर्धवट आंबलेल्या त्या पाण्यात फार तर तीन टक्के दारू असेल, पण मेंढ्याने ती मोजून घेतली नव्हती. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं, पुढचे पाय दुमडले, आणि शिंगं चिखलात टेकून तो सावकाश कलंडला.

फार्करकाकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.  अर्ध्या मिनिटात त्यांच्या मनात देवाच्या दहाही आज्ञा एकदा वरपासून खालपर्यंत वाचून झाल्या असाव्यात.

“मेंढरू चरात पडलंय,” ते शेवटी म्हणाले.

“पडलंय,” मर्डो म्हणाला.

“त्याला बाहेर काढणं ही दया.”

“दयाच.”

“आणि काढल्यावर ते पुन्हा तिथेच जाईल. म्हणजे झरा मुळात थांबवणं, हीसुद्धा दयाच धरावी लागेल.” मग ते माझ्याकडे वळले. “कसं थांबवतात?”

“झोडपून,” मी म्हणाले. “पूर्वी खराट्यांनी झोडपायचे. फेस बसतो.”

पुढची वीस मिनिटं फिस्कासेच्या इतिहासात कुठे लिहिलेली नाहीत, कारण रविवारी लिहिता येत नव्हतं. शाळेच्या मागे मर्डोने धुराडं साफ करायला ठेवलेले रानझुडपांचे आठ खराटे होते. काळ्या कोटातले आठ बाप्ये पिंपाभोवती शिड्यांवर, बाकांवर, माझ्याच जुन्या बाकावर उभे राहिले आणि झोडपू लागले. बोलायचं नव्हतं, म्हणून कुणी बोललं नाही. पण ताल धरल्याशिवाय आठ खराटे एकमेकांना लागतात, म्हणून फार्करकाकांनी स्तोत्राची पहिली ओळ धरली. बाकीच्यांनी ती उचलली. बायकांनी खिडक्या उघडल्या. आत्याने शेगडीतल्या विटा चिमट्याने उचलून बाहेर टाकल्या, तोंडाने “दया, दया” म्हणत. क्रॉम्बी बाईंना मधेच स्वच्छतागृहाची गरज पडली. त्या बराच वेळ परत आल्या नाहीत. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “काय समुद्र दिसतो हो.”

फेस बसला. मेंढा दोरीने वर आला आणि भिंतीला टेकून घोरू लागला. आम्ही सगळे चर्चला चाळीस मिनिटं उशिरा पोचलो, बाह्यांवर आंबलेल्या जवाचा वास घेऊन.

सोमवारी सकाळी सहाला आत्याने बाईंना धक्क्यावर पेन परत दिलं. त्या बोटीत बसून आठवून आठवून लिहीत राहिल्या. मी हात केला, त्यांनी वर बघितलं नाही. बारा दिवस मी घर, शाळा आणि टपालपेटी यांमध्ये येरझाऱ्या घालत होते. फार्करकाका रस्त्यात भेटले की टोपीला हात लावत, आणि त्याहून जास्त काही नाही. होड्यांवाले गृहस्थ एकदा येऊन शाळेची मापं घेऊन गेले.

सत्तावीस तारखेला नकाशा आला. मी तो आत्याच्या टेबलावर उलगडला. ‘नव्या डिस्टिलरी’ या रकान्यात आम्ही नव्हतो. दोनदा वाचलं, नव्हतो. मी खणातलं पत्र आणायला उठले. आत्याने चष्मा लावून दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘नवी आकर्षणे’:

‘फिस्कासे: जुन्या शाळेतील डिस्टिलरी. रविवारी सकाळी ग्रामस्थ काळ्या पोशाखात, स्तोत्र गात, खराट्यांनी फेस दाबतात. अवश्य पाहावे. वाहनतळ: चार गाड्या. स्वच्छतागृहातून समुद्राचे सुंदर दृश्य.’

मी कार्यालयाला लगेच लिहिलं, की यात एक महत्त्वाची चूक आहे. त्यांचं उत्तर आलं, की दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करू. आवृत्ती दर तीन वर्षांनी निघते. पण नकाशावर नाव होतं ते होतं. समितीने त्या रविवारचा प्रकार दयेत धरला आणि शाळा माझ्याकडे ठेवली. आठ हो आणि एक गैरहजर, हरकत नाही. तीस तारखेच्या टपालाने मी प्रयोगशाळेला नको म्हणून कळवलं.

आता मे महिना आहे. सोमवार ते शनिवार मी दार उघडं ठेवून बसते आणि कुणी येत नाही. शनिवारच्या बोटीने माणसं उतरतात, रात्री तंबूंत मुक्काम करतात, आणि रविवारी सकाळी साठ-सत्तर जण कॅमेरे घेऊन बंद दारासमोर उभे असतात. मी त्यांच्याशी बोलूही शकत नाही. पाहुण्यांना माहिती देणं हे काम आहे. फार्करकाका फाटकापाशी उभे राहतात, टोपी काढतात आणि सांगतात, “तो प्रकार आज नाही. पण स्तोत्रं ऐकायची असतील, तर समोर दोन तास बसता येईल.” आणि बिचारे दोन बोटी करून आलेले, बोट सोमवारशिवाय नाही, ते बसतात. चर्चमध्ये शाळेचे बाक न्यावे लागले आहेत. इतकी गर्दी तिथे माझ्या आजोबांच्या वेळीही नव्हती, असं आत्या म्हणते.

आज शनिवार आहे. सकाळी मी पिंप धूत होते. फार्करकाका दारात आले, आत न येता उंबऱ्यावर थांबले, आणि बाहेर मेंढ्याकडे बघत राहिले.

“या आठवड्याचं सगळं थांबलं का?” त्यांनी विचारलं.

“थांबलं, काका. शुक्रवारीच उकळलं. पिंप रिकामं आहे.”

“रिकामं,” ते म्हणाले.  “गेल्या रविवारी दोन जण प्रार्थनेतून मधेच उठून गेले. लांबून आले होते. जपानहून.”

“हो का?”

“मेंढा आता ठणठणीत आहे,” ते म्हणाले. त्यांनी उंबऱ्याजवळ टेकवलेला एक खराटा उचलला, त्याच्या काटक्या बोटाने चाचपून बघितल्या, आणि तो पुन्हा जागेवर ठेवला. दारातून चटकन हाताला येईल असा. “पण मेंढराचं काही सांगता येत नाही, इना. दया कधी करावी लागेल, कुणी सांगावं?”